काच नसलेली काच

गाडीच्या हेडलाइटला पुढे जी काच असते ना, ती काच नसते!

मेकॅनिकलवाले म्हणतील, "यात काय नवीन सांगितलंस?" पण मित्रांनो, जरा आपापल्या घरी विचारून बघा. आई-बाबा, आजोबा, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, स्पेअर पार्टवाला, सगळे तिला काचच म्हणतात. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे माझ्या मराठीवर घरात कायम जोक होतात. लेन्सला मराठीत 'भिंग' म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण ते आजोबांच्या पेपर वाचायच्या भिंगामुळे. 'हेडलाइटचं भिंग' असं बोलणारा माणूस पेण ते रोहा या पट्ट्यात मला अजून भेटलेला नाही. तेव्हा या लेखात मीसुद्धा काचच म्हणणार. तुम्ही मनातल्या मनात 'प्लास्टिक' वाचा, कारण सगळा घोळ त्या एका शब्दातच आहे.

आमचं घर पेणला आणि बाबांची नोकरी रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत. अंतर चाळीसेक किलोमीटर. वडखळ, नागोठणे, मग हायवे सोडून भिसे खिंडीतून रोहा. सेकंड शिफ्ट असली की बाबा रात्री उशिरा याच रस्त्याने एकटे परत येतात. गाडी २०१० सालची छोटी हॅचबॅक. (कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या बाबतीत सगळ्या कंपन्यांच्या गाड्या सारख्याच!)

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा एका रात्री घरी आले आणि न जेवताच बसून राहिले. आईला म्हणाले, "भूक नाही." मला मात्र गच्चीत सांगितलं. खिंडीत समोरून ट्रक आला, त्याच्या लाइटने डोळे दिपले आणि ट्रक गेल्यावर अगदी पुढ्यात म्हैस उभी! ब्रेक लागला, काही झालं नाही. पण बाबा म्हणाले, "मला ती दिसलीच नाही गं. माझे डोळे गेले आता."

डोळे गेले म्हणजे मोतीबिंदू, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आजोबांना झाला होता, म्हणजे आपल्यालाही होणार. वय चौपन्न. त्यांनी साहेबांकडे सेकंड शिफ्ट बंद करून मागायचीही तयारी केली. शिफ्ट अलाउन्स जाईल तर जाऊ दे म्हणाले. हे ऐकताना मला काय वाटलं ते लिहीत नाही, कारण हे मॅगझिन बाबाही वाचणार आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी थेंब टाकून, लाइट मारून सगळं तपासलं आणि सांगितलं, "मोतीबिंदू नाही. चष्म्याचा नंबर थोडा बदललाय, बस."

बाहेर येऊन गाडीत बसताना माझं लक्ष हेडलाइटकडे गेलं. ताकात हळद घातल्यासारखा रंग! आतला बल्बसुद्धा धड दिसत नव्हता. मोतीबिंदू झाला होता, पण गाडीला.

आता यात गंमत अशी, की सहाच महिन्यांपूर्वी, २०२४ च्या दिवाळीत, बाबांनी याच काचा स्वतः चकचकीत केल्या होत्या. टूथपेस्टने! हा उपाय तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल, काहींनी केलाही असेल. दहा मिनिटं घासलं, पाणी मारलं, काचा लख्ख. बाबांनी सगळ्या बिल्डिंगला बोलावून दाखवलं. आणि होळीपर्यंत काचा पूर्वीपेक्षा जास्त पिवळ्या! असं का व्हावं? मी सुट्टीत होते, हातात दुसरं काम नव्हतं, म्हणून याच्या मागे लागले.

पूर्वी ती खरोखरच काच होती. अँबॅसेडर, पद्मिनी, जुन्या जीप, सगळ्यांचे गोल दिवे काचेचे. रोह्याला अष्टमीत माझं आजोळ आहे, तिथे आजोबांची जुनी स्कूटर अजून पडवीत उभी असते. तिच्या पुढच्या दिव्याची काच आजोबा इतकी वर्षं चुलीतल्या राखेने घासत आलेत, तरी ती आरपार दिसते. काचेला ऊन काही करत नाही. पण काच जड, दगड लागला की फुटणारी आणि हवा तसा आकार न घेणारी. अमेरिकेत तर १९४० पासून नियमानेच ठरावीक मापाचे, सीलबंद काचेचे दिवे होते. तो नियम १९८३ मध्ये सैल झाला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीला तिच्या आकाराला जुळणारे प्लास्टिकच्या काचेचे दिवे आले. युरोपने प्लास्टिकला परवानगी दिली ती १९९० च्या दशकात. आज नव्या गाडीचे ते तिरके, मांजरासारखे डोळे दिसतात ना, ते या प्लास्टिकमुळेच.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांना न विचारता, जवळजवळ एकाच वेळी ते शोधलं. (नागोठण्यावरून जाताना जो पेट्रोकेमिकलचा अवाढव्य कारखाना दिसतो, तिथलं पॉलिथिन वेगळं. हे त्याच्यापेक्षा कितीतरी चिवट.) हातोडीने मारलं तरी सहज फुटत नाही. पण एका गोष्टीपुढे ते हात टेकतं, ती म्हणजे उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण. या किरणांनी त्याच्या साखळीतले बंध तुटतात, तुकडे नव्या पद्धतीने जुळतात आणि जी नवी संयुगं तयार होतात ती पिवळी असतात. केमिस्ट्रीच्या पुस्तकात याला फोटो-फ्राइस पुनर्रचना म्हणतात. जोडीला हवेतला ऑक्सिजन असतोच.

मग नवी गाडी वर्षभरात पिवळी का पडत नाही? कारण कंपनी त्या प्लास्टिकवर एक अतिशय पातळ, कडक थर देते. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. अल्ट्राव्हायोलेट शोषणारं द्रव्य त्या थरात असतं. म्हणजे काचेचं सगळं आयुष्य त्या कातडीवर अवलंबून! धूळ, चिखल, कोरड्या फडक्याचे फटके, दहा-बारा उन्हाळे, यांनी ती कातडी जागोजागी तडकते, सुटते आणि ऊन थेट प्लास्टिकपर्यंत पोचतं. आमचा उजवा दिवा डाव्यापेक्षा जास्त पिवळा का, हे कोडंही मग सुटलं. गाडी रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी असते. डाव्या दिव्यावर दुपारनंतर जिन्याची सावली येते, उजवा संध्याकाळपर्यंत तापतो.

आता टूथपेस्ट. तिच्यात दात घासायला बारीक खर असते, सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची. म्हणजे ती एक फार बारीक पॉलिश पेपरच. तिने वरचा पिवळा थर जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर कंपनीच्या कातडीचा जो काही भाग शिल्लक असेल तोही जातो. खाली उरतं उघडं पॉलिकार्बोनेट. दिवाळीत चकचकीत, होळीला हळद! काच असती तर घासून काम संपलं असतं. ही काच नाही म्हणून घासून काम अर्धंच होतं.

त्यापेक्षा वाईट म्हणजे थिनर किंवा पेट्रोलचा बोळा. काही जण फिरवतात. क्षणभर छान दिसतं, पण ही द्रव्यं पॉलिकार्बोनेटला खातात आणि आतपर्यंत बारीक तडे जातात. ते कशानेच निघत नाहीत.

बाबा गॅरेजमध्ये विचारून आले. गॅरेजवाला म्हणाला, "नवीन जोडी टाका." त्याने सांगितलेला आकडा बाबांनी मला सांगितला आणि हातातला चहा खाली ठेवला. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये याची तपासणी केली होती. त्यात जुने, धूसर दिवे नव्याच्या मानाने जेमतेम २२ टक्के प्रकाश देत होते. घासून दुरुस्त केल्यावर ते सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आले. म्हणजे नवी जोडी सगळ्यात उत्तम, हे मान्यच. पण पंधरा वर्षांच्या गाडीला २२ चे ७० मिळत असतील तर मला चालणार होते. (माझ्या मॅथ्स थ्रीच्या मार्कांनाही चालले असते. असो.)

घासायचं तर सुरुवात कशी करायची? इथे पेणकर असण्याचा फायदा झाला. आमच्या शेजारचे काका गणपतीच्या कारखान्यात फिनिशिंगचं काम करतात. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर-जोह्याकडे मे महिन्यात कारखाने पहाटेपासून चालू असतात. मूर्ती साच्यातून निघाली की तिचे सांधे, खड्डे भरून पॉलिश पेपरने घासायची, मग रंग आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. काकांनी आयुष्यभर घासण्याचंच काम केलंय. मी पेपर दाखवून विचारलं तेव्हा म्हणाले, "नंबर कुठले आणलेस? सहाशे, हजार, पंधराशे? चालेल. पण एका नंबरने आडवं घासलंस तर पुढच्याने उभं घास. म्हणजे आधीचे ओरखडे गेले की राहिले ते डोळ्याला दिसतं. सगळं एकाच दिशेने घासलंस तर काहीच कळायचं नाही." ही ट्रिक आमच्या वर्कशॉप प्रॅक्टिसच्या जर्नलमध्ये नाही! आणि दुसरं सांगितलं, "पाणी कमी पडू देऊ नकोस. घासायचं बोटाने नाही, तळव्याने."

आणखी एक चाचणी, ही मात्र आधी करून बघा. काचेवर पाणी ओता. ओली असताना काच स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासण्यात अर्थ आहे. कारण पाणी त्या बारीक खड्ड्यांत भरतं, त्यामुळे प्रकाश तिथे विखुरत नाही, सरळ जातो. ओली करूनही धूसरच दिसली तर दोष आत आहे. आतली वाफ, आतली धूळ किंवा रिफ्लेक्टरच उडालेला. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा नावापुरता मुलामा असतो, तो फडक्याने पुसायला गेलात तर मुलामाच फडक्यावर येतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

मेमधल्या एका रविवारी सकाळी सातला, सावलीत, काम सुरू केलं. साबणाने धुतलं, बॉनेट-बंपरला मास्किंग टेप दोन पदरी लावली. सहाशे नंबरने घासायला लागल्यावर पहिल्यांदा पिवळट पाणी गळायला लागलं. हाच तो गेलेला थर. पाणी दुधासारखं पांढरं व्हायला लागलं की खालचं चांगलं प्लास्टिक लागलं असं समजायचं. मग हजार, मग पंधराशे. दोन दिव्यांना अडीच तास गेले आणि खांदे पुढचे दोन दिवस दुखत होते. काका मध्येच येऊन काचेवर बोट फिरवत, "इथे राहिलंय" म्हणत आणि जात. तसं तीन वेळा झालं.

पंधराशेवर मी थांबले. काच पूर्ण पांढरी, दुधी बल्बसारखी दिसत होती. बाबा चहा घेऊन आले आणि बघतच राहिले. "होती ती पण घालवलीस?" मी म्हटलं, "थांबा हो बाबा." कारण घासून घासून अगदी आरशासारखी केली तर वरचा कोट धरत नाही, त्याला थोडा खरखरीतपणा लागतो. काकांच्या भाषेत, "रंगाला पकड पाहिजे." आणि उरलेले बारीक ओरखडे कोटच भरून काढतो, मघाशी पाण्याने भरले तसे.

हा कोट म्हणजे हेडलाइटसाठीच मिळणारा टू-के क्लिअर, हार्डनरवाला स्प्रे कॅन. सगळ्या खर्चात महाग तोच. कॅनच्या बुडाचं बटण दाबलं की हार्डनर आत मोकळा होतो आणि मग एक-दोन दिवसांत कॅन वापरून टाकावा लागतो. इतका वेळ माझी मजा बघणारे बाबा आता मात्र एकदम शिफ्ट इनचार्ज झाले. त्यांनी कॅनवरची बारीक अक्षरं वाचली आणि 'आयसोसायनेट' या शब्दावर थांबले. "हा वास फुप्फुसात गेला तर दमा लागतो. कापडी मास्क चालणार नाही." स्वतः जाऊन केमिकलचे कार्ट्रिज लावायचे दोन मास्क घेऊन आले, ग्लोव्ह्ज आणले, बिल्डिंगमधल्या पोरांना लांब हाकललं आणि वारा कुठून येतोय ते बघून मला उभं केलं. मला हे मुळीच सुचलं नसतं, कारण माझ्या दृष्टीने तो एक स्प्रे होता. तुम्ही करणार असाल तर एवढं तरी बाबांचं ऐका.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसली आणि पहिला हलका हात मारला. दुधी काच डोळ्यांदेखत आरपार झाली! आतला बल्ब, त्याच्यामागची चांदी, सगळं दिसायला लागलं. बाबा मास्कच्या आतून काहीतरी बोलले, ते काय होतं मला कळलं नाही. दहा-दहा मिनिटांनी आणखी दोन हात मारले. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री कंपाउंडच्या भिंतीवर टेस्ट घेतली. काम सुरू करायच्या आदल्या रात्रीच मी भिंतीसमोर गाडी लावून, लो बीमवर, उजेडाची कड खडूने आखून ठेवायचा प्रयत्न केला होता. तेव्हा कड सापडतच नव्हती. नुसता पिवळा गोळा, अर्धा भिंतीच्या वर आंब्याच्या झाडात. आता रेघ स्वच्छ होती. उजवीकडे आडवी आणि डावीकडे किंचित वर चढणारी. आपण डावीकडून चालतो म्हणून दिव्याची रचनाच अशी असते, की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये आणि रस्त्याच्या डाव्या कडेचा माणूस लांबून दिसावा. काच धूसर झाली की हा सगळा हिशोब विस्कटतो. उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. बाबा म्हणाले, "तरीच मला सगळे डिपर मारायचे! मी लो बीमवरच असायचो." त्याच आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट होती. शिफ्ट बदलून मागायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या रात्री मी जागी होते. बाबा आले, हात धुतले आणि म्हणाले, "खिंडीत डाव्या बाजूला एक देऊळ आहे, माहितीये तुला?" सतरा वर्षं ते त्या रस्त्याने येतायत.

जून २०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे रजिस्ट्रेशन नवं करायला पासिंग आलं. आपल्या एमएच-०६ चं आरटीओ पेणलाच, त्यामुळे लांब जावं लागलं नाही. पासिंगला दिवेही बघतात. बघितले, पुढे गेले.

राहिली आजोबांची स्कूटर. तिची पुढची काच खरी काच, तिला काही करायचं नव्हतं. पण मागचा लाल दिवा पार काळवंडलेला. मागच्या दिव्यांचं प्लास्टिक बहुतेक ॲक्रिलिक असतं. ते उन्हाने असं पिवळं पडत नाही, फार तर लाल रंग विटतो. त्याचा शत्रू म्हणजे आत शिरलेली धूळ आणि आपल्या कोकणातलं शेवाळ. दोन स्क्रू काढले, काच हातात आली. आतल्या बाजूला मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी असते, ती शोभेची नाही. प्रत्येक खाच म्हणजे काटकोनात भेटणारे तीन छोटे आरसे. मागच्या गाडीचा प्रकाश त्यात तीनदा आपटून आला त्याच दिशेला परत जातो, म्हणून बल्ब गेला असला तरी उभी स्कूटर अंधारात चमकते. पण हे घडायला त्या खाचांच्या मागे निव्वळ हवा लागते. तिथे चिखल बसला की आरसे संपले. म्हणून तिथे पॉलिश पेपर अजिबात नाही. कोमट साबणपाणी, जुना मऊ टूथब्रश आणि सावलीत वाळवणं. आजोबा शेजारी बसून सूचना देत होते, "राख आणू का?" तीन वेळा विचारलं. नाही म्हटलं तर जरा रागावले.

आमच्या कोपऱ्यावर मिनीडोअर चालवणारे एक काका उभे असतात. बाबांची गाडी बघून ते जून संपता संपता आले, "माझ्या भावाच्या गाडीच्या काचा करून दे ना, काय होतील ते पैसे घे." मी म्हटलं, "काका, पावसात नाही जमणार. हवेत ओल असली की कोट पांढरा पडायची भीती. दसऱ्यानंतर या." मला वाटलं विसरतील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गाडी दारात हजर. धुऊन-पुसून आणलेली. काका खाली उतरले आणि खिशातून टूथपेस्टची नवी ट्यूब काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "सामान मी आणलंय."